यादीतून एक जण कमी

काही वर्षांपूर्वी मी एक व्रत घेतलं होतं, की माझ्या दारातून कोणीही मनात अढी धरून परत जाणार नाही. (मी व्रतं बरीच घेते. त्यातलं महिनाभर न बोलण्याचं व्रत आमच्या ह्यांना इतकं भावलं, की दरवर्षी तो महिना जवळ आला की ते मोठ्या भक्तिभावाने त्याची आठवण करून देतात.) अढीचं व्रत पाळायला तसं सोपं होतं, कारण आमच्या दारात येऊन येऊन येणार कोण? दूधवाला, वन्सं आणि वरच्या मजल्याऐवजी चुकून आमची बेल वाजवणारी माणसं. गरम चहा पुढे केला की कोणाच्या मनात काही राहत नसे. पण पुढे मी साबण करू लागले आणि माझं दार इंटरनेटवर गेलं. तिथे चहा देता येत नाही.

साबण मी मागच्या खोलीत करते. तेलं मापून कोमट करायची, कॉस्टिक सोड्याचं पाणी जपून त्यात सोडायचं, दाट होईपर्यंत घोटत राहायचं, साच्यात ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापायच्या. मग त्या फळ्यांवर मांडून आठवडेच्या आठवडे मुरू द्यायच्या. उतावळेपणा करून विकला, तर साबण गिऱ्हाइकाच्या हाताला झोंबतो आणि गिऱ्हाईक आपल्याला.

त्या खोलीवर वन्संचा डोळा होता. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्या लहान घरात राहायला निघाल्या होत्या आणि त्यांचा सोफासेट काही केल्या त्या घरात मावत नव्हता. दोघींपैकी कोणालाच दुखवायला नको म्हणून ह्यांनी तोडगा काढला: फळ्यांवरची ही खेप विकली गेली तर खोली साबणाची, नाहीतर सोफ्याची. मी देवापाशी साबणाच्या बाजूने बोलले. वन्सं सोफ्याच्या बाजूने बोलल्या असतील अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती, पण माझा स्वभावच भाबडा.

तो भाबडेपणा भरून काढायला हे आहेत. हे विमा कंपनीत दावे तपासतात. कोणी म्हणालं, माझी गाडी खांबावर आपटली, की ह्यांनी आधी खांबाची चौकशी करायची. इतकी वर्षं हेच केल्यावर सवय घरी येणारच. भाजीत मीठ जास्त झालं तर हे विचारतात, 'त्या वेळी तू नेमकी कुठे उभी होतीस?'

तर साबणाचं सोशल मीडियावर एक पान होतं. ते लेकीने काढून दिलं होतं. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते आणि तिथून फोनवर माझा धंदा चालवते. मी फोटो टाकायचे, लोक खाली अंगठा दाखवायचे. (आमच्या लहानपणी कोणी अंगठा दाखवला तर आम्ही रडत घरी यायचो. असो.) एका सकाळी माझ्या मनात आलं, इतक्या माणसांनी कौतुक केलं आणि आपण कोणाचे आभार मानले नाहीत. म्हणून बसले आणि एकेकाला लिहीत गेले, 'आपले मनापासून आभार. देव आपलं भलं करो.' सगळ्यांना तेच लिहिलं, कारण सगळ्यांचं भलंच व्हायला हवं होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत कंपनीने पानाला कुलूप घातलं. त्यांचं म्हणणं असं पडलं, की एवढ्या वेगाने एवढ्या लोकांचं भलं चिंतणारं माणूस असूच शकत नाही, हे कुठलं तरी यंत्र असणार.

मी फोनवर रडले. लेक म्हणाली, आई, ते पान म्हणजे भाड्याची खोली. मालकाने कुलूप घातलं की आपण बाहेर. कुलूप निघेलही, आणि निघाल्यावर पान चालू ठेवच, पण त्याच्या जोडीला लोकांचे ई-मेल घे. ती यादी तुझी स्वतःची. मात्र विचारल्याशिवाय कोणाचं नाव घालायचं नाही आणि पत्रात सारखं 'घ्या, घ्या' करायचं नाही, चार उपयोगाच्या गोष्टी सांगायच्या.

मग मी ई-मेल मागायला निघाले. देणगी मागायला गेले असते तर लोकांनी जास्त मोकळेपणाने दिली असती. नाक्यावरचा चष्मेवाला म्हणाला, 'मेल कशाला हवा? फोनवर कसला नंबर आला तर तो तुम्हाला सांगायचा वगैरे नाही ना?' समोरच्या बाईंनी स्वतःचा न देता नवऱ्याचा दिला, म्हणजे जे काही व्हायचं ते त्याचं होऊ दे. एका आजींनी घराचा पत्ता सांगितला आणि पत्र टाकताना बेल वाजव म्हणाल्या. तरी हळूहळू माणसं जमली. पान पुन्हा उघडलं तेव्हा लेकीने तिथेही एक पाटी लावली, की साबण कसा जपावा हे सांगणारी पत्रं हवी असतील तर नाव नोंदवा. तिकडूनही आली. मी लिहू लागले: वडी पाण्यात का बसू देऊ नये, झिजून उरलेल्या चिपट्यांचं काय करावं, कपाटात ठेवलेला साबण कपड्यांना कसा राखतो. लिहिताना इतकं समाधान वाटे, की कधी कधी 'विकायलाही आहे' हे लिहायचंच राहून जाई.

एकच गोष्ट मला खुपत होती. प्रत्येक पत्राच्या तळाशी एक बारीक ओळ आपोआप यायची: ही पत्रं नको असतील तर इथे दाबा. पाहुणा अजून पाटावर टेकतोय आणि आपण त्याला दार कुठे आहे ते दाखवतोय, असं वाटायचं. पण लेक म्हणाली, ती ओळ असायलाच हवी, ज्याला जायचंय त्याला सुखाने जाता आलं पाहिजे.

आणि एका सकाळी यादीतला आकडा एकाने उतरला.

माझं व्रत मोडलं. माझ्या दारातून कोणीतरी अढी धरून गेलं होतं, आणि कोण ते मला ठाऊक नव्हतं. शिवाय खेप फळ्यांवर मुरत होती. आज एक गेला, उद्या दुसरा जाईल, मग ती घेणार कोण? ह्यांनी मात्र वर्तमानपत्राची घडी घातली, खुर्ची ओढली आणि अशा आवाजात बोलायला लागले की मला वाटलं, माझीच गाडी खांबावर आपटली आहे.

लेकीला विचारते म्हणून मी फोन उचलला, तर हे म्हणाले, 'थांब. यादीची किल्ली तिच्याकडे आहे.'

'अहो, आपली मुलगी आहे ती.'

'मी नातं विचारलं नाही.'

संशय हा आजार एकाच घरात राहणाऱ्यांना एकमेकांकडून लागतो. दुपारपर्यंत मलाही लागला. दूधवाला मान खाली घालून का गेला? (तो रोजच तसा जातो, आमची पायरी फुटलेली आहे.) समोरच्या बाई गॅलरीत आल्या आणि मला पाहून आत का गेल्या? त्यांच्या नवऱ्याला माझी पत्रं आवडू लागली म्हणून की काय? संध्याकाळी मी चष्मेवाल्याकडे गेले. माफी मागायची होती, पण यादीतून तुम्हीच गेलात का असं थेट कसं विचारणार, म्हणून नुसती उभी राहिले. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी अक्षरं वाचता वाचता हळूच विचारलं, माझं काही चुकलं का, मन दुखावलं का. त्याने दिवा बंद केला आणि म्हणाला, 'मावशी, खरं सांगा, तुम्हाला कोणी पाठवलंय?' मी नवा चष्मा करायला टाकून घरी आले. ह्यांनी चष्मेवाल्याला निर्दोष ठरवलं आणि पावती पाहून मला दोषी.

'आता उरलं कोण?' हे म्हणाले. 'कोणाला फायदा आहे, ते बघायचं असतं.'

आम्ही दोघंही एकदम मागच्या खोलीकडे पाहिलं.

वन्संकडे गेलो तेव्हा त्या कपबशा कागदात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. सोफा मधोमध ऐसपैस बसला होता, त्याला कसलीच घाई नव्हती. मी ठरवलं होतं, गोड बोलायचं, पाया पडायचं आणि त्यांना परत यादीत आणायचं. पण ह्यांनी खोलीत शिरताच सोफ्याची लांबी डोळ्यांनी मोजली, आणि वन्सं ह्यांना लहानपणापासून ओळखतात.

'काय झालंय?' त्यांनी विचारलं.

'हिच्या यादीतून कोणीतरी गेलंय,' हे म्हणाले. 'आणि खोली कोणाला हवी आहे, ते सगळ्यांना माहीत आहे.'

वन्संनी हातातली बशी खाली ठेवली. मग फोन आणला आणि माझ्यापुढे धरला. माझं एकूण एक पत्र त्यांनी वेगळं काढून ठेवलं होतं. सकाळी फिरायला त्यांच्याबरोबर येणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना त्यांनीच यादीत घातलं होतं. आणि प्रत्येक पत्राला त्यांनी उत्तर लिहिलं होतं.

'मला वाटलं, तू कामात असशील,' त्या म्हणाल्या, 'म्हणून एकाचंही उत्तर येत नाही. तू तर माझी चौकशी लावली होतीस.'

उत्तरं येतात हेच मला ठाऊक नव्हतं, तर ती कुठे येतात हे कसं ठाऊक असणार? मी ते सांगेपर्यंत त्यांनी पत्राच्या तळाशी जाऊन ती बारीक ओळ माझ्या डोळ्यांदेखत दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मैत्रिणी फिरून आल्या आणि आमच्या यादीला गळती लागली.

लेकीचाच फोन आला. 'आई, आत्या रडत होती. तू विमा कंपनीला घेऊन तिच्या घरी गेली होतीस?'

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, अगं, गेलेल्यांची नावं यादीच्या शेजारीच दिसतात, डावीकडे बघ, मला एक फोन का नाही केलास? ह्यांनी छताकडे पाहिलं. मग आम्ही डावीकडे पाहिलं. वर वन्संच्या मैत्रिणी, त्यांच्याखाली वन्सं आणि सगळ्यात खाली, सगळ्यांच्या आधी गेलेलं, एकच नाव. ह्यांनी ऑफिसच्या आवाजात तो पत्ता अक्षर अक्षर वाचला आणि विचारलं, 'हा कोणाचा?'

'माझा,' मी म्हणाले.

पत्र नीट जातं की नाही ते पाहायला लेकीने पहिलं नाव माझंच घातलं होतं.

'आई,' लेक म्हणाली, 'ती ओळ दाबली होतीस का?'

'एकदाच गं. जाणाऱ्या माणसाशी तिथे नीट बोलतात की नाही ते पाहायला. फार चांगलं बोलतात. तुम्ही गेलात याचं वाईट वाटतं, म्हणाले. मला किती बरं वाटलं.'

हे उठले, 'दावा फेटाळला' एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून त्याच्या मागे राहायला गेले.

मग लेकीने मला उत्तरं कुठे येतात ते दाखवलं. वन्संची सगळी उत्तरं तिथे होती. एकात चिपट्यांची युक्ती जमल्याचं होतं. एकात लिहिलं होतं, 'सोफ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यावर बसायला आता कोणी येत नाही, म्हणून तो मला एवढा मोठा वाटतो.' ते वाचून मी कागदात दोन वड्या गुंडाळल्या आणि एकटीच निघाले. त्यांच्या शेजारी त्या सोफ्यावर बसून एकेका पत्राला तोंडी उत्तर दिलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, 'तुझं ठीक आहे गं. पण त्याला सांग, मी त्याला शाळेत सोडायला जायचे.' मी सांगितलं. हे दुसऱ्या दिवशी त्यांचं सामान हलवायला गेले आणि सगळी खोकी स्वतः उचलली.

उरलेल्या यादीला मी खरं काय घडलं ते सगळं लिहिलं, चष्म्यासकट. साबण कसा जपावा हे वाचून जी माणसं गप्प होती, ती माझी फजिती वाचून घडाघडा लिहू लागली आणि लिहिता लिहिता साबणही मागू लागली. फळ्या रिकाम्या झाल्या. खोली साबणाची राहिली; सोफा गेला, त्यातली एक खुर्ची तेवढी आमच्याकडे आली आणि तिच्यात बसून वन्सं वड्यांना कागद गुंडाळतात. मैत्रिणीही परत नोंदल्या गेल्या.

राहिले होते मी. तेव्हा मी आपणहून, रीतसर, माझ्याच यादीत माझं नाव नोंदवलं आणि माझ्या पुढच्या पत्राची वाट पाहत बसले. सगळ्यांना आलं, मला आलं नाही. मी वन्संकडे पाहिलं. ह्यांनी खुर्ची ओढली. पण या वेळी मी आधी लेकीला फोन केला. ती म्हणाली, स्पॅममध्ये बघ.

तिथे होतं. एका बाजूला लॉटरी लागल्याची बातमी, दुसऱ्या बाजूला टक्कल घालवणारं तेल आणि मध्ये माझं पत्र. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं: हे पत्र संशयास्पद वाटतं. पाठवणाऱ्या व्यक्तीला तुम्ही ओळखता का?

मी ह्यांना विचारलं, काय सांगू? ह्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'घाईने हो म्हणू नकोस.'

तरी मी हो म्हणाले. तुमच्याकडेही माझं पत्र त्या अंधाऱ्या कोपऱ्यात पडलेलं असेल, तेव्हा कृपा करून जरा डोकावा आणि माझ्यासारखंच 'हो, ओळखतो' म्हणून टाका. फक्त आमच्या ह्यांना विचारायला जाऊ नका.