वाळूनानांच्या टेम्पोचा नारळ

आज साधनाच्या वडिलांकडून लग्नाला होकार घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही, असं ठरवूनच स्वराज निकम दिंडोरीला पोचला. गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवतो, आणि शिकवताना इतक्या येरझाऱ्या घालतो की वर्गात पंख्याची गरज पडत नाही. म्हणूनच साधनाने त्याला बजावलं होतं, "नानांसमोर कमी बोल. आणि तो पाय हलवू नकोस."

साधनाचे वडील वाळूनाना यांना मात्र लग्नाच्या बोलणीला सवडच नव्हती. द्राक्षांचे क्रेट पिंपळगावला न्यायला घेतलेला नवाकोरा टेम्पो त्याच सकाळी अंगणात आला होता. नाना उपरण्याने त्याची काच पुसत होते. झेंडूची माळ चढली, हळदकुंकू लागलं, आणि नानांनी नारळ थेट स्वराजच्या हातात दिला. "पाहुणे, तुम्हीच फोडा."

ही परीक्षाच होती!

"दगड गाडीच्या लय जवळ हाय," नाना म्हणाले. "काच सांभाळा."

इथे गप्प बसला असता तर स्वराज कसला! त्याने चपलेच्या टोकाने मातीत बाणच काढले. नारळ दगडावर स्थिर आहे, म्हणजे त्याचा संवेग शून्य. मग फुटल्यावरही बेरीज शून्यच राहायला हवी. एक तुकडा डावीकडे विहिरीकडे गेला, तर दुसऱ्याला उजवीकडे फाटकाकडे जावंच लागतं. वरून सरळ कोयता मारला की झालं, टेम्पोकडे काही फिरकणारच नाही.

"नाना, सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे हेडलाइटशेजारी. तिथेच उभे राहा."

नाना नाइलाजाने तिथे जाऊन उभे राहिले.

कोयता बसला, नारळ नुसता खणखणला. दुसऱ्या घावाला कोयताच निसटला. साधनाची आत्या कलाबाई पदराआड हसली. साधना हसत नव्हती, आणि तेच वाईट होतं. स्वराजचा पाय आपोआप हलू लागला. होकार हातातून चाललाय असं त्याला अगदी दिसू लागलं. त्याने कोयता टाकला, नारळ डोक्यावर उचलला, चार पावलं मागे गेला आणि धावत येऊन दगडावर तिरका आपटला.

नारळ फुटला. विहिरीकडे काही गेलं नाही, फाटकाकडेही काही गेलं नाही. दोन्ही तुकडे मिळून टेम्पोकडे गेले. एकाने हेडलाइट फोडला, दुसऱ्याने नानांची टोपी उडवली, आणि पाणी नानांच्या तोंडावर.

नानांनी वाकून टोपी उचलली.

"मास्तर," नाना तोंड पुसत म्हणाले, "एक इकडं, एक तिकडं जाणार व्हतं ना?"

दुसऱ्या कुणीही पाय धरून माफी मागितली असती. स्वराजच्या तोंडून धडाच बाहेर पडला. "ते नारळ स्थिर असला तर, नाना. मी तो टेम्पोकडे पळत येऊन आपटला. ज्या दिशेने वेग दिला, त्याच दिशेला तुकडे गेले."

"म्हंजे नियम बरोबर, तुम्ही चुकले."

"हो. मीच चुकलो."

साधनाने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कलाबाईने काचा गोळा करता करता निकाल दिला, "दादा, बरंच झालं. गाडीवरचं संकट दिव्यावर निभावलं. माणूस पायगुणाचा हाय."

नानांनी फुटक्या दिव्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग स्वराजच्या अजून हलणाऱ्या पायाकडे. "पोरगी देतो," ते म्हणाले. "नारळ देणार नाय."

पण रीत कुणाला चुकते? लग्नात नवरदेवाच्या हातात नारळ द्यावाच लागला. स्वराज तो छातीशी धरून, पाय घट्ट रोवून बोहल्यावर उभा होता. इतका स्थिर तो जन्मात कधी उभा राहिला नव्हता. नाना तरीही मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले होते, आणि टेम्पो ते आदल्या दिवशीच पिंपळगावला लावून आले होते.