झोळीतली इमारत

विजयमालेच्या स्वयंपाकघरात डबा बसला सोमवारी, पण तिच्या मनात संशय बसला तो डब्याच्याही आधी. कर्जतच्या त्या तीन मजली सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर, नेमका तिच्याच भिंतीला तडा गेला होता. पुण्याच्या कॉलेजातून आलेल्या अश्विनी मॅडमनी तड्याशेजारी साबणाच्या वडीएवढा डबा बसवला. त्याला बोटभर एरियल होती आणि एक तांबडा दिवा लुकलुकत होता.

"ह्यानं काय हुतं?" विजयमालेनं विचारलं.

"इमारत जरा जरी हलली तरी समोरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसतं. तारसुद्धा लागत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर इमारतींची तब्येत तपासायला हे सुरू केलंय."

"आन् बोललेलं?"

"नाही हो, फक्त हादरे."

विजयमालेचं सगळं दुखणं हादऱ्यांतच होतं. दुपारी नवरा कामावर गेला की दार लावून ती लोखंडी उखळात काळा मसाला कुटायची, आणि निम्मी वसाहत गुपचूप तिचं गिऱ्हाईक होती. सरकारी घरात धंदा सापडला तर आठ दिवसांत घर खाली, असा नियम होता. आणि वसाहतीचे साहेब, काकासाहेब, नियमाला भलतेच कडक होते.

"कुनीतरी माझी चुगली केली," ती रात्री नवऱ्याला, जालिंदरला म्हणाली. "बारा घरं हायत. माझ्याच भितीला डबा का?"

"तडाच आपल्या भितीला हाय की."

"तडा तरी माझ्याच भितीला का?"

जालिंदरनं कूस बदलली. तेव्हापासून ती त्याच्याकडेही संशयानं बघू लागली.

चार दिवस उखळ बंद राहिलं. ऐन चैत्रात गिऱ्हाइकं दारावर टकटक करून जाऊ लागली. पाचव्या दिवशी तिची नजर आतल्या खोलीतल्या झोळीकडे गेली. सहा महिन्यांची प्रज्ञा तिथं निवांत झोपली होती. कितीही कुटलं तरी ही पोर कधी जागी होत नसे. जिथं पोरीला हादरा लागत नाही, तिथं डब्याला काय लागणार? विजयमालेनं स्क्रू काढले, डबा दुपट्यात गुंडाळून लेकीच्या पायाशी निजवला, झोळीची दोरी रोजच्यासारखी आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधली आणि मिरच्या कुटायला बसली. एक घाव, एक झोका, असं छान जमलं होतं.

दहा मिनिटांत जिन्यात ओरडा झाला. "बाहेर पडा, इमारत डुलतीय." विजयमालेनं दुपट्यासकट पोर उचलली आणि सगळ्यांबरोबर मैदानात धावली.

समोरच्या ऑफिसच्या खिडकीतून अश्विनी मॅडम कॉम्प्युटरकडे बघून मैदानात उभ्या काकासाहेबांना सांगत होत्या, "सर, मघाशी इमारत दोन्ही बाजूंना हातहातभर जात होती. मग ती जिना उतरली."

"कोण उतरलं?" काकासाहेबांनी विचारलं.

"इमारत. आता ती उभ्या उभ्या डुलतेय."

सगळ्यांनी इमारतीकडे पाहिलं. ती जागची हललेली दिसत नव्हती. विजयमाला रडणाऱ्या प्रज्ञेला हलवत होती, ती एकदम थांबली.

"आता थांबली," मॅडम म्हणाल्या.

काकासाहेबांनी घाम पुसला. "मला धोका पत्करता येणार नाही. बाराही घरं आजच रिकामी करा."

बायका रडायला लागल्या. एक घर जाणार की बारा, एवढाच हिशेब उरला होता. विजयमाला पुढं झाली.

"सायेब, इमारतीला काय झालं न्हाई. इमारत माझ्या कडंवर हाय."

तिनं दुपटं उलगडलं आणि सगळं सांगून टाकलं. "माझं एकटीचं घर काढा. बाकीच्यांची नका काढू."

काकासाहेब नियम सांगायला तोंड उघडणार, तोच मॅडम धावत बाहेर आल्या. "रोज कुटता? एकाच जागी, तेवढ्याच जोरानं?"

"व्हय."

"सर, यांना थांबवू नका. ठोका माहीत असला तरच इमारत तो कसा झेलते ते कळतं. असा ठोका मी कधीची शोधतेय."

तिसऱ्या दिवशी शिक्क्याचं पत्र आलं. श्रीमती विजयमाला यांनी दररोज बारा ते दोन मसाला कुटावा, परवानगीवाचून बंद ठेवू नये. जालिंदरनं ते दोनदा वाचून दाखवलं. विजयमालेनं कागद उलटा करून पाहिला, उजेडासमोर धरला.

"कुटू नका म्हनत हुते ते मला समजत हुतं," ती म्हणाली. "आता कुटा म्हनत्यात. कायतरी डाव हाय ह्यात."

आणि तिनं उखळ खाटेखाली सारून दिलं.