भिमाजींच्या गाडीची पडवी

तू नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस आणि हसू तर अजिबात नकोस, कारण ज्या माणसाचं हे झालंय तो अजून हसलेला नाही.

आपल्या ललितचे वडील माहीत आहेत ना, भिमाजी? अंबडच्या एका कंपनीत तीस वर्षं वेल्डिंग केलं आणि दोन हजार चारला व्हीआरएस घेतली. लोक व्हीआरएस घेतात आणि पिठाची गिरणी टाकतात. यांनी कंपनीने मोडीत काढलेली डिलिव्हरी व्हॅन घेतली आणि सिडकोतल्या घरासमोर आठ महिने तिच्यात घर बांधलं. अरे खरंच घर! झोपायला दोन बाक, गॅसची शेगडी, पितळी तोटीचं बेसिन, देवाची फळी, फळीला छोटीशी घंटा. आणि सगळ्यावर कळस म्हणजे पडवी. गाडीच्या एका अंगाला वर आडवा पाइप, त्याला गुंडाळलेली हिरवी ताडपत्री. हँडल फिरवलं की ताडपत्री बाहेर येते, पुढे दोन पाय उभे करायचे, खाली खुर्च्या टाकायच्या. हँडल उलटं फिरवलं की पडवी परत गुंडाळून जागेवर.

स्वप्न एकच. सरुबाईंना घेऊन हिंडायचं. नोकरीत असताना बायकोला कुठे नेलंच नव्हतं. नामपूरला तिच्या थोरल्या बहिणीकडे जायचं म्हटलं तरी दर वर्षी ओव्हरटाइम आडवा यायचा. पण सरुबाई त्या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हत्या.

"बरणीत बसून कोण हिंडतं? आपण काय लोणचं आहोत?" म्हणायच्या.

त्यात एकदा भिमाजींनी घरासमोर पडवी उघडली, ती वाऱ्याने उलटली आणि शेजाऱ्यांची केबल तोडून खाली आली. तेही संध्याकाळी, मालिकांच्या ऐन वेळेला. गल्लीतल्या बायका आठवडाभर सरुबाईंशी बोलल्या नाहीत. मग सरुबाईंनी निकाल दिला.

"एक रविवार देते. दिंडोरीला पुंजाच्या मळ्यात जाऊ. तुमच्या त्या पडवीत बसून मी निवांत कपभर चहा प्यायले, तर म्हणाल तिथं येईन. ती उडाली, फाटली नाहीतर पडली, तर सोमवारी भंगारवाला."

एप्रिल महिना. दुपार कलली की आपल्याकडे वारा कसा सुटतो, तुला सांगायला नको. भिमाजींची झोप उडाली. त्यांनी बंगलोरला ललितला फोन केला. त्याने इंटरनेटवर शोधलं, अमेरिकेतले लोक असल्या पडव्या वाऱ्यात कशा सांभाळतात ते सगळं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहून ईमेल केला. भिमाजी मंजुषाच्या सायबर कॅफेत गेले.

"काका, दुसऱ्या पानावर एकच ओळ आलीये. काढू प्रिंट?"

"एका ओळीसाठी अख्खा कागद? राहू दे गं. 'तब्येतीला जपा' असं काहीतरी असेल."

हे लक्षात ठेव.

रविवारी गाडी दिंडोरीला पोचली. पुंजाराम म्हणजे सरुबाईंचा धाकटा भाऊ. द्राक्षवाला. बागेची छाटणी नुकतीच झालेली, त्यामुळे माणूस रिकामा, आणि रिकाम्या पुंजारामइतका सल्ले देणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नाही. बागेच्या कडेला गाडी लावली, भिमाजींनी हँडल फिरवलं, पडवी उघडली, खिशातून कागद काढला.

पहिला मुद्दा होता, पाय खुंट्या ठोकून जमिनीला बांधा. ठोकल्या. पण आदल्याच दिवशी तिथं पाणी भरलेलं. पहिल्या झुळुकीला खुंट्या मुळ्यासारख्या उपटून हातात आल्या.

दुसरा मुद्दा, एक कोपरा खाली ठेवा म्हणजे आत वारा कोंडत नाही. ठेवला. त्याच कोपऱ्यावर सरुबाईंचं कपाळ आपटलं.

"चहाच्या आधी डोकं फुटलं, तर तेही धरायचं का?" त्यांनी विचारलं.

तिसरा मुद्दा, दोन्ही टोकांना वजन टांगा. पाण्याचे दोन कॅन टांगले. वारा आला तसे कॅन झोके घ्यायला लागले आणि त्यातला एक नेमका भिमाजींच्या गुडघ्यावर बसला. ते मटकन खाली बसले. पुंजारामने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला, घडी करून परत त्यांच्याच खिशात घातला.

"दाजी, कागदावर वारा येतो का कधी? वीस वर्षं द्राक्षाचा मांडव उभा हाय माझा. आसपासचे आडवे झाले, माझा नाय झाला. सरका तिकडं."

आणि त्याने मांडवाची तार आणली. तीच, वेलींचा भार पेलते ती. पडवीचा एक कोपरा मांडवाच्या लोखंडी अँगलला आवळला. दुसऱ्या कोपऱ्याला बांधायला जवळपास काही नव्हतं. पुंजारामने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग ट्रॅक्टर आणून उभा केला आणि तार त्याच्या मागच्या हुकाला पिळून टाकली.

भिमाजी कसेबसे म्हणाले, "पुंजाराम, ट्रॅक्टर हलला तर?"

"दाजी, ट्रॅक्टर काय वाऱ्यानं हलतो?"

भिमाजींचा हात सारखा हँडलकडे जात होता. "नाहीतर वारा जाईस्तोवर गुंडाळून ठेवू का?"

"आता? एवढं बांधल्यावर? मग बांधलं कशाला?" पुंजारामने शेवटचा पीळ घातला. "ही गाठ वाऱ्याच्या बापाला सुटायची नाय."

आणि आला वारा. असला आला की द्राक्षाचे रिकामे क्रेट बांधावरून चालत गेल्यासारखे निघाले. धुळीत मांडव दिसेना. तार गुणगुणायला लागली, गाडी हलायला लागली, आतली देवाची घंटा आपोआप वाजायला लागली. सरुबाई आत शेगडीपाशी. भिमाजी पडवीच्या एका पायाला मिठी मारून डोळे मिटून उभे. त्यांना सोमवार दिसत होता. भंगारवाला येतोय, तराजू लावतोय, पितळी तोटी वेगळी काढतोय.

अर्ध्या तासाने वारा पडला. भिमाजींनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

पडवी जशीच्या तशी! एक टाका उसवला नव्हता. पुंजाराम मिशीवरची धूळ झटकत नुसता बघत होता, सांगितलं होतं ना अशा चेहऱ्याने.

सरुबाई चहा घेऊन बाहेर आल्या. पडवीखाली खुर्चीवर बसल्या. भिमाजी समोरच्या खुर्चीच्या कडेला. सरुबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. दुसरा घेतला. बशी संपवली, कपही संपवला. ताडपत्रीकडे वर बघितलं, समोर बागेकडे बघितलं.

"तसं वाईट नाहीये," त्या म्हणाल्या. "पण..."

"पण काय?" भिमाजी अर्धे उठलेच.

"आक्का, साखर कमी पडली बघ," पुंजाराम मध्येच म्हणाला. "घाल की अजून चमचाभर."

सरुबाई त्याचा कप घेऊन आत गेल्या. तो 'पण' तिथंच हवेत लटकत राहिला. आणि तेवढ्यात समोरच्या शेडवरचा बल्ब पेटला.

आता तुला लोडशेडिंगचं माहीत आहे. दिवसातून कधीतरी दोन-तीन तास लाईट. ती आली की शेतकरी हातातला घास टाकतो, पण मोटर चालू करायला पळतो. त्यात डोकं वापरत नाहीत, पायच पळतात. आणि पुंजारामची विहीर नाल्यापलीकडे, तिथं तो नेहमी ट्रॅक्टरवरच जायचा.

"लाईट आली!" असं ओरडून तो उठला, उडी मारून ट्रॅक्टरवर बसला आणि निघाला.

"पुंजाराम! अरे तार! तार!"

ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय? तार ताणली गेली. तुटली नाही, मांडवाची तार ती. गाठ सुटली नाही, पुंजारामची गाठ ती. पडवीचा पाइप जिथं गाडीला जोडला होता तिथलं वेल्डिंगही हललं नाही, कारण ते भिमाजींच्या हातचं. तीस वर्षांत त्यांचा एक जॉब परत आला नव्हता. मग काहीतरी तर सुटायला हवं ना? सुटला तो गाडीचा पत्रा. जुना, कडेने गंजलेला. करकर करत अख्खी बाजू सोलून निघाली. आधी मांडवाच्या अँगलला अडकून ताडपत्री उभी फाटली, मग पडवी, पत्रा, देवाची फळी आणि पितळी तोटी अशी सगळी वरात घंटा वाजवत ट्रॅक्टरमागे नाल्याकडे गेली.

भिमाजींनी धावत जाऊन हँडल धरलं होतं, ते निखळून हातात आलेलं. तेवढंच उरलं होतं.

खिशातला मोबाईल वाजला. ललित.

"पप्पा, कसं झालं? दुसरं पान वाचलं ना? तेच महत्त्वाचं होतं."

"काय होतं दुसऱ्या पानावर?"

"एवढंच की, वारा सुटला तर हे वरचं काहीही करू नका, सरळ गुंडाळून ठेवा. पप्पा? हॅलो?"

भिमाजींनी फोन बंद केला आणि हळूहळू मान वळवली. गाडीला एक बाजूच नव्हती. आतला संसार मांडून ठेवल्यासारखा उघडा. बाकावर सरुबाई बसलेल्या, एका हातात पुंजारामचा कप, दुसऱ्या हातात साखरेचा चमचा. समोर सगळी बाग, लांब डोंगर, उन्हं उतरलेली.

"लागलं का गं कुठं?" भिमाजींनी विचारलं.

सरुबाईंनी चमचा कपात घातला. ढवळला. तो चहा स्वतःच प्यायल्या.

"आता कसं," त्या म्हणाल्या. "मघाशी मी तेच सांगत होते. तसं वाईट नाहीये, पण आत गुदमरतं. आता कसा छान वारा लागतोय."

"अगं, गाडीची भिंत गेली."

"तेच म्हणतेय मी. ती परत लावायची नाही. उद्या सकाळी असंच नामपूरला निघू. सगळा रस्ता बघत जाईन. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या मनासारखं काहीतरी केलंत."

नाल्याकडून ट्रॅक्टर परत आला. मागे सगळी वरात तशीच. पुंजाराम वरूनच ओरडला, "दाजी, बघा! गाठ सुटली नाय!"

आठ महिने हा माणूस त्या एका होकारासाठी राबला. होकार मिळाला, पण गाडीची भिंत गेल्यावर. भिंत परत लावली तर बायको येत नाही. नाही लावली तर एका बाजूने उघड्या घरात बायको बसवून दिंडोरीपासून नामपूरपर्यंत जायचं, तेही एप्रिलच्या वाऱ्यात. भिमाजी अजून तिथंच, बांधावर, हँडल मांडीवर घेऊन बसलेत. मघाशी फोनवर मला विचारत होते, आता काय करू. तू सांग, तू काय केलं असतंस?