दक्षिण ध्रुवावरचा ‘ण’

मुलांनो, एका जंगलात काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. म्हणून आज दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊ. मी तिथे गेलेलो नाही. ध्रुवाची माझी माहिती आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यापुरती आहे. पण चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलं की आपल्याला सगळं कळतं असं वाटू लागतं.

तर त्या समुद्रात किलर व्हेल राहत. प्रत्येक कुटुंबात आजीचा शब्द चाले. थोराड मुलगेसुद्धा आईला सोडून जात नसत. आणि दर कुटुंबाची बोली वेगळी.

शिकारीची रीत मात्र एकच. बर्फाच्या लादीवर सील दिसला की सगळ्यांनी रांग धरायची आणि हाक आली की एकदम लादीखालून सुसाट जायचं. लाट उठते, सील घसरून पाण्यात पडतो आणि जेवण होतं.

भागीरथीआजीच्या घरात तीन दिवस कोणी जेवलं नव्हतं. धाकटी नात पोहताना मागे पडू लागली होती. चौथ्या दिवशी एक गुबगुबीत सील दिसला, पण त्याची लादी मोठी होती. आजीने शेजारच्या भिवराबाईला मदतीला बोलावलं. तीही सहकुटुंब उपाशीच होती, लगेच आली. पाहुणीचा मान म्हणून हाक तिने द्यायची ठरलं.

“पानी!” भिवराबाईने हाक दिली.

आजी जागची हलली नाही. म्हणून तिच्या घरचं कोणीच हललं नाही.

“पाणी,” आजी म्हणाली. “ण.”

“आमच्यात पानीच म्हनत्यात. लाट तीच उठती की.”

नात म्हणाली की भूक लागली आहे. आजीने तिला आधी जीभ टाळूला लावायला सांगितलं.

वाद वाढला. त्या गलक्याने सील जागा झाला. तो त्रयस्थ, म्हणून निवाडा त्याच्याकडे गेला.

“आजी, नियम पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही,” तो म्हणाला. “पुस्तक किनाऱ्यावर आहे. घेऊन येतो.”

आजीला हा काटेकोरपणा फार आवडला. तिने स्वतः रांग मोडून त्याला वाट करून दिली.

तो अजून यायचा आहे. नात भिवराबाईच्या मागोमाग निघून गेली. जाताना मुद्दाम ‘पानी’ म्हणाली.

मला या आजीचा राग येतो, आणि लाजही वाटते. काल जेवताना बायको म्हणाली, “पानी ठेवलंय.” मी दुरुस्ती केली. तिने तांब्या उचलून आत नेला.

तात्पर्य : ‘ण’ कधीही सोडू नये. तहान लागल्यास स्वतः उठावं.