गावाच्या वाट्याची स्कूटर

सन दोन हजार तेवीस. राहुरीजवळच्या गावात चैत्रातली जत्रा उरकली आणि राहीबाईंच्या दारात मोरपंखी रंगाची कोरी स्कूटर येऊन उभी राहिली. नात मोनिकाने ती कुस्तीत जिंकली होती. महिन्याने नगरला निवड चाचणी होती. आता एसटी चुकली म्हणून तालीम बुडणार नव्हती.

स्कूटरच्या आरशात निंबाची पालवी हलत होती. बघता बघता राहीबाईंना त्यात जुनी जत्रा दिसू लागली. तांबड्या मातीने माखलेले त्यांचे तरणेबांड धनी सहादेव आणि त्यांच्या खांद्यावर इनामाचा बोकड.

"आमाला बोकड, हिला गाडी!" शेजारी बसलेले म्हातारे सहादेव कुरकुरले. "कुस्ती तीच ना? ह्यो कुठला न्याय?"

"बोकड तरी कुठं मिळाला तुमाला? समदा गाव जेवला. आपल्या चुलीवर निस्तं मुंडकं शिजलं."

"रीतच हुती ती. इनामात गावाचा वाटा."

बोलता बोलता सहादेव थबकले. रीत म्हणजे रीत! ते तडक देवळात गेले आणि भोंग्यावरून गावाला सांगून आले, "मोनिकाच्या गाडीत गावाचा वाटा हाय. ज्यानं त्यानं घ्यावा!"

गोरक्षनाथ स्कूटरवरून पेंडीचं पोतं घेऊन आला. श्रीमंतने सासूला दवाखान्यात नेलं. अंगद तर नव्या बायकोला घेऊन थेट भंडारदऱ्याला गेला. स्कूटर परतली तेव्हा एक आरसा गायब होता आणि ब्रेक दाबला की हॉर्न वाजत होता.

"आबा, तालीम बुडली माजी," मोनिका रडवेली झाली. "आता निवड कशी व्हायची?"

सहादेव खाली मान घालून बसले. राहीबाई मात्र उठल्या.

"रीत निम्मीच सांगितली तुमी. बोकड खाल्लेल्या घरानं पुढच्या जत्रेपर्यंत पैलवानाला दूध घालायचं, ते इसरला?"

"ते व्हय? ते लोक मायेनं घालत हुते."

"मायेनं? पहाटंच्या धुक्यात दारोदार चरवी घेऊन मी हिंडत हुते!"

त्याही भोंग्यावर बोलून आल्या. दुसऱ्या दिवसापासून दारात चरव्या येऊ लागल्या. आरसाही मुकाट परत आला. स्कूटरकडे मात्र कुणी फिरकेना.

निवडीला मोनिका काट्यावर उभी राहिली आणि वजन भरलं वरच्या गटाचं. समोरची पोर आडदांड होती. पण मोनिकाच्या अंगात अख्ख्या गावाचं दूध होतं. त्या पोरीची पाठ टेकली.

पुढे मोनिकाला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. अंगदला जुळं झालं. श्रीमंतची सासू अजून स्कूटरची चौकशी करते. गोरक्षनाथ मोनिका दिसली की आधी आपली म्हैस आटल्याचं सांगतो. मोनिकाचा पहिला पगार झाला तेव्हा सहादेव लगबगीने देवळाकडे निघाले. राहीबाई ओट्यावर डोळे मिटून जुन्या जत्रेत हरवल्या होत्या. भोंग्याची वायर त्यांच्या मांडीवर होती.