सायमन सरांकडची साखर

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या इमारतीत सायमन सरांकडे साखर मागायला सहसा कुणी जात नाही. साखर मिळते, तीही वाटी शिगोशीग भरून. पण आधी वाक्य पूर्ण करावं लागतं. सर वाटी हातात धरून दारातच उभे राहतात आणि विचारतात, "इफ आय हॅड नो शुगर, व्हॉट वुड यू डू?"

तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकू या परीक्षेला पहिल्यांदा बसल्या तेव्हा गॅसवर दूध ठेवून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं नसती तर वाण्याकडं गेली असती. द्या आता, दूध उतू जाईल."

"करेक्ट," सर म्हणाले. "आता हेच इंग्रजीत." दूध उतू गेलं.

सरांनी उभा जन्म पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यातही त्यांचा जीव जडला तो जर-तरच्या वाक्यांवर. त्यांच्या मते जगात वाक्यं तीनच प्रकारची. "पाऊस आला तर वाल भिजतील. हे पहिलं, घडू शकतं. मी खांब गावचा सरपंच असतो तर गावाला विमानतळ दिला असता. हे दुसरं, घडणार नाही, पण बोलायला कुणाची बंदी नाही. आणि वेळेवर निघालो असतो तर एसटी मिळाली असती. हे तिसरं. हुकलं, विषय संपला." त्यांना सगळ्यात आवडतं ते दुसरं. "दुसऱ्या प्रकारात माणूस कुठंही जाऊन येतो, बॅग भरावी लागत नाही," असं ते म्हणतात.

मी आयुष्यभर तलाठी होतो. सातबाऱ्यावर जर-तर लिहीत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला मला या माणसाचा वैताग यायचा. एकदा आम्ही कोलाडला एका हॉटेलात बसलो होतो. वेटरनं मिसळ आणून ठेवली. सर म्हणाले, "समजा, मिसळ नसती तर काय दिलं असतंस?"

"मिसळ हाय ना, सर."

"हाय रे. पण समजा नसती."

"समजायचं कशाला? ही काय, समोर हाय."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "याला घडणाऱ्या वाक्यांची सवय आहे. सुखी माणूस." मी मुकाट्यानं पाव मोडला. मिसळ गार होत होती आणि मला ते खपत नाही.

नाव सायमन म्हणून डिसेंबरात निम्मी इमारत त्यांना नाताळच्या शुभेच्छा देते. सर चिडत नाहीत. "मी ख्रिश्चन असतो तर मनापासून आभार मानले असते. तसेही मानतो," म्हणतात. सर ज्यू. त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात बोली आपली, जेवणात नारळ आपला, फक्त शनिवार पाळायचा. त्यांच्यातले बहुतेक लोक केव्हाच इस्राएलला गेले. सरांचा मुलगाही गेला. तो फोनवर दर वेळी म्हणतो, "पप्पा, या आता." सर म्हणतात, "आलो असतो रे, रिबेका यायला तयार असती तर."

रिबेकाबाई म्हणजे त्यांची बायको. ती रोह्याच्या त्यांच्या दफनभूमीत आहे. वाक्य कुठल्या प्रकारचं, हे मी कधी विचारलं नाही.

बाईंच्या वर्षश्राद्धाला, आपल्या भाषेत म्हणायचं तर, सर कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात. तिचा नियम कडक आहे. त्यांच्या धर्माचे दहा जाणते पुरुष हजर पाहिजेत, म्हणणारा धरून. नऊ असले तर ती म्हणता येत नाही. पूर्वी गल्लीत हाक मारली तरी पंधरा जमायचे, असं सर सांगतात. अलीकडे ठाण्या-पनवेलहून नातेवाईक यायचे तेव्हा कुठे आकडा भरायचा. वर्षभर सरांना दुसरी कसली काळजी नसायची. त्या दिवशी दहा होतील का, एवढीच.

यंदा त्या दिवशी सकाळी सर गॅलरीत फोन घेऊन बसले होते. त्यांच्या आणि माझ्या गॅलरीच्या मध्ये एक पातळ भिंत आहे, त्यामुळे ऐकू येतंच. आणि खरं सांगायचं तर मी खुर्ची थोडी सरकवलीही होती. पहिले फोन उमेदीचे होते. "सातच्या गाडीनं निघालास तर जेवायलाच पोचशील." मग, "माझा गुडघा बरा असता तर मीच न्यायला आलो असतो." दुपारी शेवटचा फोन झाला. "आधी कळवलं असतंस तर दुसरं कुणी बघितलं असतं. असू दे. काळजी घे." मग सर फोन ठेवून आत गेले. मला जेवण गेलं नाही.

मी म्हात्रेकाकूंना जिन्यात एवढंच म्हटलं की सरांना दहा माणसं हवी होती, ती काही जमली नाहीत. कुठली माणसं, ते सांगायचं राहिलं. काकू कासू गावाकडच्या, शेतीवाडीतून आलेल्या. त्यांच्याकडे भाताच्या आवणीला असो की मांडवाला, माणूस कमी पडलं की शेजारचं घर माणूस देतं. त्यात विचारायचं काय असतं? चार वाजता सरांच्या दारात फौज उभी. इलेक्ट्रिशियन, वॉचमन, वाणी आणि त्याचा मुलगा, दुसऱ्या मजल्यावरचे तिघे भाऊ, काकूंचे यजमान. डोकं झाकावं लागतं एवढं कुणीतरी ऐकलं होतं. त्यामुळे कुणी रुमाल बांधलेला, वॉचमनच्या डोक्याला माकडटोपी, आणि तिसऱ्या मजल्यावरचा पांडुरंग पाटील कंपनीतून शिफ्ट संपवून थेट पिवळ्या हेल्मेटसकट आलेला. मीही टॉवेल घेऊन रांगेत होतो.

"सर, धा जण आणलेत," काकू म्हणाल्या. "बघा मोजून. तुम्हाला धरलं नाय. तुम्ही घरचं."

सरांनी खरंच मोजलं. एकेका चेहऱ्यावर थांबत, बोट न दाखवता. नियम फक्त मला ठाऊक होता. आता हा माणूस या दहा जणांना काय सांगणार?

"इफ यू वेअर माय पीपल," सर सावकाश म्हणाले, "व्हॉट वुड वी डू?"

कुणाला नीट कळलं नाही. पांडुरंगानं हेल्मेट सारखं केलं. "काय करायचं, सर? बाईंसाठी बसलो असतो थोडा वेळ."

सरांनी त्याला इंग्रजीत सांगायला लावलं नाही. "बसा," म्हणाले.

आम्ही बसलो. प्रार्थना झाली नाही आणि ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही. सरांनी सकाळीच मोठं पातेलंभर मलिदा करून ठेवला होता. भिजवलेले पोहे, त्यात नारळ, साखर, केळी, वेलची. त्यांच्यात तो आनंदाच्या दिवशी करतात, पण बाईंना आवडायचा म्हणून त्यांनी केला होता. येणार होते त्यांच्या हिशेबानं केलेला मलिदा आम्ही खाल्ला. काकूंनी चव घेऊन "वेलची जरा जास्त झाली" असं सांगितलं. सर म्हणाले, "रिबेका हेच म्हणायची." सगळे हसले, तेही हसले.

माणसं गेल्यावर मी बशा विसळायला थांबलो. सर पुसत होते.

"नियमात बसलं नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

"मग पुढच्या वर्षी जमले तर..." मी त्यांच्याच सवयीनं सुरुवात केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. हातातली बशी पुसून झाली होती, तरी ते पुसत राहिले.

"मला करमत नाही हो," ते म्हणाले.

एवढंच. या माणसाच्या तोंडून स्वतःविषयी जर-तर नसलेलं वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. मी नळ बंद केला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा साखरेचा डबा उघडून पाहिला. काठोकाठ भरलेला होता. मी वाटी घेतली आणि सरांची बेल वाजवली. त्यांनी वाटी हातात घेतली, दारात उभे राहिले. डोळे सुजलेले होते, पण प्रश्न तोच.

"इफ आय हॅड नो शुगर, व्हॉट वुड यू डू?"

"तरी आलो असतो," मी म्हणालो.

सर दारातून बाजूला झाले.