देवरावजींचा दुसरा तळ

आमचे साडू देवरावजी बसल्या जागेवरून आपण होऊन कधी उठत नाहीत. त्यांना सोडवावं लागतं.

हे मला माझ्या लग्नानंतर चार-सहा महिन्यांतच कळलं. नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी त्यांना म्हणालं, "देवरावजी, चपलांकडे जरा पाहता काय, आलोच." म्हणणारा वरातीत नाचायला गेला आणि विसरला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नवरी सासरी गेली. मांडववाले कनाती सोडायला आले तेव्हा देवरावजी उपाशीपोटी एका बेवारस जोडासमोर उभे होते. तो जोड माझा होता. मी दुसऱ्याच कुणाचा घालून घरी गेलो होतो.

"काहून थांबले जी इतका वेळ?" मी दुसऱ्या दिवशी ओशाळून विचारलं.

"रिलीवर नाही आला," ते म्हणाले. तक्रार नव्हती. पाऊस नाही आला म्हणावं तसं म्हणाले.

देवरावजींनी सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत सारी नोकरी बत्तीघरात काढली. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीला लावायची बत्ती तिथून मिळते. प्रत्येक बत्तीला नंबर, प्रत्येक नंबराला खुंटी. पाळी संपली की माणूस वर येतो, बत्ती परत करतो, ती खुंटीवर जाते. सगळ्या खुंट्या भरल्या की बत्तीघरवाल्याने पुढच्या पाळीच्या माणसाला, म्हणजे रिलीवरला, चार्ज द्यायचा आणि घरी जायचं. एक खुंटी रिकामी म्हणजे एक माणूस अजून जमिनीखाली. एकदा अशा एका खुंटीसाठी देवरावजी सलग तीन पाळ्या बसून राहिले. साहेब लोक खाली जाऊन शोधून आले. शेवटी कळलं, तो गडी बत्तीसकट सासुरवाडीला गेला होता. देवरावजी त्याला रागावले नाहीत. बत्ती खुंटीला लावली, मग घरी जाऊन झोपले.

रिटायर होऊन ते नागपुरात हुडकेश्वरला राहायला आले, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून. नोकरी सुटली, सवय नाही सुटली. शोभाताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, त्यांना दूध पाहायला सांगून पूजेला बसायच्या. उठून पाहावं तर देवरावजी थंड शेगडीपाशी उभे.

"दूध कवाचं उतरवलं तुम्ही, आता काहून उभे?"

"तू चार्ज कुठं घेतला वं?"

मग शोभाताईंनी ओल्या हातानं चार्ज घ्यायचा. "घेतला जी, घेतला. बसा आता."

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसलोही भरपूर. पण त्या घरात एक गोष्ट होती जिच्यावर कुणी हसत नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली. तिनं खाणीचं इंजिनिअरिंग केलं. देवरावजींना वाटलं होतं, पोरगी शिकून वरच्या ऑफिसात बसेल, नकाशे पाहील. पोरगी म्हणाली, मी खाली उतरणार. ऑस्ट्रेलियात तिला नोकरी लागली, जमिनीखालच्या खाणीत. तेव्हा देवरावजी एकच वाक्य बोलले, आमच्यासमोरच. "जा. पण तुझी बत्ती मी मोजणार नाही."

तिला सोडायला ते विमानतळावर आले नाहीत. अडीच वर्षं झाली. ती आईला फोन करायची. शेवटी शोभाताई विचारायच्या, "बाबांजवळ देऊ काय?" पलीकडून "राहू दे" यायचं, आणि अलीकडे देवरावजी पेपर उलटा-सुलटा करत "राहू दे" असंच तोंड करून बसायचे. बापलेकीचं एवढ्या एका बाबतीत एकमत होतं.

अशात एकदा फोनवर बोलता बोलता ताईंच्या कानावर आलं की प्रणाली सुटीच्या दिवसांत कॉम्प्युटरवर अवकाशातला खेळ खेळते. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात असतात. यान घेऊन ग्रहावर उतरायचं, तळ बांधायचा, खोदायचं, खनिज काढायचं. ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चौदा दिवस खाण खोदते, सात दिवस सुटी भेटते, तर त्या सुटीत बी खाणच खोदते. हे पोरगी कोणावर गेली, सांगाले पाहिजे काय?"

देवरावजींनी पेपरचं पान उलटलं. आठवड्याभरानं त्यांच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आला.

मी पेशानं विमा एजंट. मला येताना पाहिलं की आमच्या गल्लीतले लोक आंघोळीला जातात; काही तर दिवसातून तीनदा जातात. मला आपण होऊन बोलावणारा नागपुरात एकच माणूस निघाला, आणि त्याला विमा नको होता. रिलीवर पाहिजे होता.

"साडभाऊ, या. चार्ज घ्या. मी जेवून घेतो."

पडद्यावर एक दगडी ग्रह होता. त्यावर देवरावजींचा तळ. नाव दिलं होतं 'सावनेर'. खेळ सुरू करणाऱ्या सगळ्यांना जिथं सोडतात तो हा भाग. आपली सीताबर्डीच समजा. दुकानं, गर्दी, यानांची ये-जा. हिंदी व्हिडिओ पाहून, वहीत टिपणं काढून देवरावजी इथवर आले होते. मी त्यांना चारदा समजावलं की खेळ बंद केला तरी तळ कुठं जात नाही. त्यांना ते पटलं नाही. माणूस नाही तर ते कसलं बत्तीघर?

महिनाभरात ते म्हणाले, "हा जमला. आता दुसरा टाकतो. दूर."

नकाशाच्या एका टोकाला एक ओसाड भाग होता. तिथं महागडं खनिज मिळायचं, पण हवा भरायला ठाणं नव्हतं. लोक हावरेपणानं जायचे, टाकीतली हवा संपायची, यान आणि कमाई गमावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. शहाणे तिकडे फिरकत नसत. प्रणाली तिथंच खोदत होती, एकटी; हे तिनंच ताईंना फोनवर सांगितलं होतं.

त्या दुसऱ्या तळासाठी देवरावजींनी अकरा खेपा केल्या. एका खेपेला पत्रे, एका खेपेला यंत्रं, एका खेपेला नुसतं इंधन, परत येण्यापुरतं. शोभाताई भाजी निवडता निवडता पडद्याकडे पाहून म्हणायच्या, "लोकं दुसरं घर वर्धा रोडवर बांधते. आमच्या ह्यांनी बांधलं कुठं, तर जिथं हवा बी नाही."

यात माझंही योगदान आहे. सहाव्या खेपेला देवरावजी जेवायला गेले असताना मला तळावर अंधार वाटला, म्हणून दिव्याचं बटण शोधायला गेलो आणि हवेचं यंत्र सुटं करून टाकलं. त्याचे सात भाग झाले. देवरावजी हात धुऊन आले, पाहिलं, आणि म्हणाले, "काही हरकत नाही. आत कोणी होतं काय?"

"मी होतो."

"मंग ठीक आहे."

तळ उभा राहिला. उतरायला जागा, हवेच्या टाक्या, आणि जागेपासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढऱ्या दगडांची रांग, खाणीच्या ऑफिसासमोर चुना लावून ठेवतात तशी. वर पाटी, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'हवा भरून घ्या. जाताना सांगून जा. देवराव.'

"नाव कशाला टाकलं जी?" मी म्हणालो. "तिनं पाहिलं तर ओळखेल ना."

"ओळखू दे. लपून बसाले मी काही चोर आहो काय?"

"मग सरळ फोनच करा. बोलवा तिला."

देवरावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी विमा विकायला जातो तेव्हा लोक पाहतात तसं. "बत्तीघरवाला कोणाले बोलावते काय, साडभाऊ? तो फक्त असते."

आणि ते होते. तिच्या सुटीचे दिवस त्यांनी कॅलेंडरवर गोल करून ठेवले होते. शोभाताईंना फोनवर काय काय सांगितलं जातं ते पेपराआडून ऐकून. त्या दिवसांत सकाळी आठ ते चार खुर्ची सोडायची नाही. अनोळखी देशांतली माणसं त्या तळावर उतरू लागली. हवा भरायची, हात हलवायची, जायची. देवरावजी एका बोटानं टाईप करायचे, 'SAMBHALUN JA'. त्या परक्या माणसांना ते कळत नसेल, पण सांगितल्याशिवाय कुणी गेला नाही.

नकाशावर एक हिरवा ठिपका होता. ती प्रणाली; खेळातही तिनं आपलंच नाव ठेवलं होतं. तो ठिपका तळाच्या जवळून जायचा, अगदी पाटी वाचता येईल इतक्या जवळून, क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा आणि पुढं जायचा. परतताना तिच्या टाकीत हवा किती उरली असेल याचा हिशोब देवरावजी मनात करायचे. ओठ हलताना मी पाहिले आहेत. एकदा ठिपका फारच सावकाश जात होता. देवरावजी उभे राहिले. "उतर ना बापा," ते म्हणाले, पडद्याला. ठिपका उतरला नाही.

असे तिच्या सुटीचे तीन फेरे गेले.

मग नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. देवरावजींचं खातं अजून सावनेरलाच. इकडे आणा म्हटलं की म्हणतात, तिथं मला ओळखतात. दाखल्याची मुदत संपत आली होती आणि प्रणालीच्या सुटीचाही तो शेवटचा दिवस होता. त्या मंगळवारी सकाळी त्यांनी मला बोलावून चार्ज दिला, हवेच्या यंत्रापासून लांब राहायला दोनदा सांगितलं आणि स्कूटर काढली.

साडेअकराला मी शोभाताईंनी दिलेला चिवडा खात होतो. समोर धूळ उडाली. एक यान उतरलं. मी नाव वाचलं आणि शेंगदाणा घशात अडकला.

पडद्यावर अक्षरं आली. 'बाबा?'

मी आयुष्यात कितीतरी लोकांना त्यांच्या मरणाबद्दल न अडखळता समजावलंय. इथं मला 'एम' सापडेना. शेवटी लिहिलं, 'नाही. मावसाजी.'

'मावसाजी तुम्ही?? बाबा कुठेत?'

'सावनेर. बँक. जिवंत असल्याचा दाखला.'

मग आलं, 'ठीक आहेत ना ते?'

'ठीक. तेच सांगायला गेलेत.'

मी स्वयंपाकघराकडे हाक मारली आणि दुसऱ्या हातानं देवरावजींना फोन लावला. मागं बँकेतली गर्दी ऐकू येत होती. "उतरली," मी म्हणालो. "खाली उतरली. विचारून राहिली तुम्हाला."

"थांबव तिले," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला एकेरीत बोलले. मागं कुणीतरी ओरडत होतं, "ओ काका, तुमचाच नंबर आहे, कुठं चालले?"

'किती वेळ लागेल त्यांना?' प्रणालीनं विचारलं.

'सव्वा तास.'

'माझी बस आहे. आज परत साईटवर. पंचवीस मिनिटं थांबू शकते.'

ती थांबली. पांढऱ्या दगडांमधून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शोभाताई ओला हात पदराला पुसत माझ्या मागं उभ्या होत्या. मी लिहिलं, 'जेवलीस का?' ती म्हणाली, 'हो.' मग विचारलं, 'बाबा रोज बसतात?' मी लिहिलं, 'आठ ते चार.' दगडांच्या रांगेतला एक दगड जरा सरकला होता, माझ्याच पायानं कधीतरी. तो तिनं वाकून सरळ केला.

वेळ झाली. 'निघते,' तिनं लिहिलं. 'बाबांना सांगा, हवा भरून घेतली.'

देवरावजी आले तेव्हा पाऊण वाजून गेला होता. डोक्यावरचं हेल्मेट तसंच. दाखला झाला नव्हता. पडद्यावर उतरायची जागा रिकामी होती. मी खुर्चीतून उठलो, ते बसले. मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, दगडासकट. ते प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते.

"किती थांबली?"

"पूर्ण पंचवीस मिनिटं."

"हवा भरली म्हणाली?"

"हो. मुद्दाम सांगा म्हणाली."

त्यांनी पडद्यावर तो दगड शोधला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दिसली कशी, साडभाऊ? बारीक झाली काय?"

त्या खेळात सगळ्यांना एकच पोशाख देतात. जाडजूड, पांढरा, चेहऱ्यावर काळी काच. तिचा, माझा, त्यांचा, त्या परदेशी पाहुण्यांचा, सगळ्यांचा एकसारखा. शोभाताई दारात उभ्या होत्या. त्यांनीही तोच पोशाख पाहिला होता. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"नाही जी," मी म्हणालो. "बरी भरली आहे. रंग जरा रापलाय. उन्हानं असेल."

"उन्हानं?" देवरावजींनी विचारलं.

"हो. उन्हानंच."

"म्हणजे वर बी राहते थोडा वेळ," ते म्हणाले, आणि मग त्यांनी हेल्मेट काढलं.